सासूबाईंचं आजारपण, सुनेची नोकरी आणि ‘मोडलेलं’ कुटुंब

ठाण्याच्या एका बाईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचं वय ४६, खासगी कंपनीत हिशेब खात्यात नोकरी. सासूबाई ८१ वर्षांच्या. घरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता त्यांना घरी आणायचं आहे. नवरा आणि धाकटा दीर दोघेही नोकरीत, नणंद कोल्हापूरला. घरच्या बैठकीत कुणी उघड काही म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा या बाईंकडे वळल्या. मामेसासऱ्यांनी शेरा मारला, ‘हल्लीच्या सुनांमुळेच कुटुंबं मोडली.’ समाजशास्त्र घेऊन बीए करणारी मुलगी मात्र म्हणते, ‘आई, कुटुंब ही संस्थाच बायकांच्या फुकट कामावर उभी आहे, आम्हाला अभ्यासाला आहे हे.’ बाई विचारतात, या दोघांपैकी खरं कोण बोलतंय, आणि मी नोकरी सोडावी का?

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. आधी रुग्णालयात होते, आता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांशी बोलणं, त्यांची व्यवस्था लावून देणं हे काम करते. समाजशास्त्र मीही शिकले आहे, त्यामुळे तुमच्या मुलीचं म्हणणं मला परकं नाही. मामेसासऱ्यांचं वाक्यसुद्धा नाही. ते मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, फक्त बोलणारा बदलतो.

तुम्ही नोकरीबद्दल विचारलंय, पण मला आधी दुसरंच दिसतं. महिन्यापूर्वी तुमच्या घरात जे काम नव्हतं ते आता रोज दहा-बारा तासांचं होऊन दाराशी आलंय. ते कोण करणार हे कुणी बसून ठरवलेलं नाही, नात्यावरून ते आपोआप ठरून गेलंय. ‘सून आहे ना घरात’ एवढ्यात विषय मिटला. मग तुम्ही ‘हो’ म्हणालात तर चांगली सून, ‘नाही’ म्हणालात तर कुटुंब मोडणारी. मामेसासरे आणि तुमची मुलगी या एकाच रिंगणात उभे राहून भांडताहेत. त्या रिंगणाबाहेर यायचं तर आधी काम काय आहे ते बघावं लागेल.

काही गोष्टींवर माझं उत्तर बदलू शकतं, त्या आधीच सांगते. सासूबाई पडण्याआधी स्वतः चालत-फिरत होत्या का, स्मरणशक्ती कशी आहे, त्यांचं स्वतःचं पेन्शन किंवा ठेव आहे का, घर कुणाच्या नावावर आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस पडण्याआधी हिंडतं-फिरतं असेल आणि डोकं शाबूत असेल, तर काही महिन्यांत वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाऊ शकतं. स्मृतिभ्रंश असेल तर हाड जुळूनही काम कमी होत नाही, वर्षागणिक वाढत जातं. पहिल्या बाबतीत तुम्ही एका हंगामाचा विचार करताय, दुसऱ्या बाबतीत दहा वर्षांचा. नोकरीचा निर्णय दोन्हीकडे सारखा असू शकत नाही.

मुलीच्या अभ्यासापासून सुरुवात करते, कारण ती निम्मी बरोबर आहे. कुटुंबावरची टीका तशी जुनी. मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्स यानं १८८४ मध्येच मांडलं होतं की मालमत्ता आपल्याच वारसाकडे जावी या गरजेतून एकपत्नी कुटुंब आकाराला आलं. सातबाऱ्यावरून कोर्टात गेलेली भावंडं पाहिली की ते पटतं, पण आजीला बेडपॅन कोण देणार याचं उत्तर त्यात मिळत नाही. पुढे ब्रिटनमध्ये ही टीका घराच्या आत शिरली. एडमंड लीच या मानववंशशास्त्रज्ञानं १९६७ साली बीबीसीवरच्या व्याख्यानात सांगितलं की हे बंद दाराआडचं चिमुकलं कुटुंब चांगल्या समाजाचा पाया असणं दूरच, आपल्या असमाधानाचं मूळच ते आहे. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांनी १९७० च्या दशकात कारखान्यातल्या कामगाराचा करावा तसा घरकामाचा अभ्यास केला: किती तास, किती एकसुरी, किती तुकड्या-तुकड्यांत, करणारीला त्यात समाधान किती. घरकामाकडे ‘काम’ म्हणून बघायची सवय समाजशास्त्राला अशा अभ्यासांनी लावली.

माझ्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेला मुद्दा मात्र मिशेल बॅरेट आणि मेरी मॅकिंटॉश या दोघी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांचा आहे, १९८२ सालचा. त्यांचा रोख असा की माया, आधार, देखभाल हे सगळं फक्त कुटुंबातच खरं असतं असं एकदा समाजानं ठरवलं की कुटुंबाबाहेरच्या जागा ओस पडतात. शेजार, मैत्री, संस्था, सगळं दुय्यम ठरतं, त्याच्यावर कुणी पैसा किंवा जीव लावत नाही. मग ‘बाहेर आहे काय?’ म्हणून माणसं कुटुंबालाच आणखी घट्ट धरतात. आपल्याकडे वृद्धाश्रमाचं नेमकं हेच झालं आहे. तिथे जाणं म्हणजे टाकून दिलं जाणं, असं आपण इतक्या वेळा म्हटलं की चांगल्या, परवडणाऱ्या, महिनाभरासाठीही माणूस ठेवून घेणाऱ्या जागा उभ्या राहाव्यात असा आग्रहच कुणी धरला नाही. आता तुम्हाला तशी जागा हवी आहे आणि ती जवळपास सापडत नाही. मग नातेवाईक म्हणतात, बघा, शेवटी घरच कामाला येतं!

पण ही टीका आपल्या घराला जशीच्या तशी बसत नाही. तिथल्या लेखनात समोर असतं नवरा, बायको आणि मुलं एवढंच कुटुंब. आपल्याकडे म्हाताऱ्यांची काळजी घेणारी बाई बहुतेकदा रक्ताच्या नात्याची नसते. ती लग्न करून आलेली असते आणि ज्यांचं ती करते त्यांच्याशी तिचं पंचवीस वर्षांचं कडू-गोड खातं असतं. श्रावणबाळाच्या गोष्टीत कावड मुलाच्या खांद्यावर आहे. प्रत्यक्षात पुण्य मुलाच्या नावावर जमा होतं आणि कावड सुनेच्या खांद्यावर जाते. म्हणून तुमच्या मुलीला सांगा, ‘कुटुंबात बायका राबतात’ एवढं म्हणून भागणार नाही. कोणती बाई, कुणाच्या वतीनं, हेही विचारायला हवं. तुमच्या घरात तुमच्या नवऱ्याच्या आणि दिराच्या वाट्याचं काम त्यांच्या वतीनं करायला तुमच्याकडे बघितलं गेलं. नणंदेकडे कुणी बघितलंही नाही, आणि त्याचं तिलाही कदाचित वाईट वाटत असेल.

मामेसासऱ्यांकडे येते. त्यांच्या शेऱ्यामागचं, ‘पूर्वी एकत्र कुटुंबात म्हातारी माणसं सुखानं राहायची’ हे गृहीतक दोन ठिकाणी डळमळतं. एक म्हणजे पूर्वी सगळीकडे एकत्र कुटुंबं होती, हेच तपासून बघावं लागतं. इरावती कर्व्यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची व्याख्या केली ती अशी: एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, एका पूजेत सहभागी होणारी आणि एकमेकांशी नात्यानं बांधलेली माणसं. या व्याख्येला पूर्ण उतरणारी घरं बहुतेकदा जमीनजुमला असलेल्यांची. अ. म. शहा या समाजशास्त्रज्ञांनी गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या एका गावाच्या १८२५ सालच्या घरटी नोंदी तपासल्या, तेव्हा तिथे मोठी एकत्र घरं थोडीच आणि छोटी घरं जास्त निघाली. पुढे त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हातारी माणसं जास्त जगू लागल्यामुळे त्यांच्याबरोबर राहणाऱ्या मुला-सुनांची घरं उलट वाढण्याचाच कल आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तुमच्यासारखं घर, ८१ वर्षांची सासू आणि पन्नाशीकडे आलेली सून एका छपराखाली, हे जुन्या काळाचा अवशेष म्हणून बघू नका. ते बऱ्याच अंशी आजच्या काळाचंच आहे.

दुसरं कारण वयाचं. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. (याचा अर्थ तेव्हा माणसं तिशीत म्हातारी होऊन मरत असा नाही. बालमृत्यू प्रचंड होते, त्यामुळे सरासरी खाली यायची. हे सांगावंच लागतं, नाहीतर कुणीतरी आपली नव्वदीची पणजी काढून दाखवतं.) पण साठी गाठणारे कमी होते, ऐंशी गाठणारे त्याहून कमी, आणि खुबा मोडल्यावर बहुतेक माणसं फार काळ काढत नसत. ज्या ‘सांभाळण्याचे’ गोडवे गायले जातात ते कित्येकदा काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं असायचं, आणि करायला पाच-सहा जणी असायच्या. आज ऑपरेशन होतं, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या असतात, माणूस आणखी दहा वर्षं जगतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या दहा वर्षांच्या रोजच्या कामाची जुन्या कुटुंबाला सवय नव्हती, आणि जुन्या कुटुंबाची फूटपट्टी लावून तुम्हाला मोजणं हा अन्याय आहे.

आकडे मी फार देत नाही, दोन-चार पुरेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे साधारण १०.४ कोटी लोक होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, गोव्यात अकराच्या वर, केरळात साडेबारा. २०३६ पर्यंत देशात दर शंभरांत पंधरा जण साठीपुढचे असतील असा सरकारी अंदाज आहे. त्याच वेळी मुलं कमी होताहेत: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला जननदर बाईमागे १.७ आणि गोव्यातला १.३ निघाला. तुमच्या सासूबाईंना तीन मुलं. तुम्हाला एक की दोन ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तीन नक्कीच नसावीत.

या आकड्यांमागचं एक चित्र मला माझ्या कामात सारखं भेटतं. काळजी घेणारी माणसंच म्हातारी असतात. ८८ वर्षांच्या आईला उठवून बसवणारी ६५ वर्षांची मुलगी, तिचे स्वतःचे गुडघे गेलेले. नवरा बायकोपेक्षा वयानं मोठा आणि बायको जास्त जगणारी, त्यामुळे साठीपुढच्या बायकांमध्ये निम्म्याच्या आसपास विधवा असतात, पुरुषांत विधुर त्या मानानं फार थोडे. म्हणजे पुरुषाच्या म्हातारपणी बहुधा बायको असते. बाईच्या म्हातारपणी सून किंवा मुलगी असते, किंवा कुणीच नसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे गावोगाव दिसतं. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. चाकरमानी मनीऑर्डर पाठवायचा, आता ऑनलाइन पैसे पाठवतो, गणपतीला येतो आणि आई वर्षभर बंद खोल्यांच्या घरात. आता त्या कुटुंबाला मोडलेलं म्हणायचं का? मुलगा आईला पैसे देतो, रोज फोन करतो. फक्त पडल्यावर उचलायला कुणी नाही.

बरं, देशपातळीवर बघितलं तर कुटुंब कोसळलंय असंही दिसत नाही. २०१७-१८ च्या वार्धक्यविषयक मोठ्या पाहणीत एकटे राहणारे ज्येष्ठ शंभरांत सुमारे सहाच निघाले. बहुसंख्य मुलांबरोबर राहतात. मामेसासऱ्यांना हा आकडा ऐकवा. कुटुंब एकत्र आहे. त्याच्यावर पडणारं काम वाढलंय आणि ते वाटलं गेलेलं नाही.

आता कामाबद्दल, कारण तिथेच तुमचं उत्तर आहे.

मी घरच्यांना एक कोरा कागद घ्यायला सांगते आणि त्यावर चोवीस तास लिहायला लावते. भावना नाहीत, फक्त कामं. सकाळी तोंड धुणं, संडासला कमोड खुर्चीवर बसवणं, अंग पुसणं किंवा आंघोळ, कपडे, नाश्ता, गोळ्या. फिजिओथेरपिस्ट येतो तेव्हा घरात कुणीतरी हवं. दुपारचं जेवण, ताट धुणं, चादर बदलणं. अजून उठत नसतील तर दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की काम तिप्पट. संध्याकाळी वॉकरवर चालवणं. रात्री किमान दोनदा उठणं. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस रात्री भ्रम होऊ शकतो: माणसं ओळखू येत नाहीत, नळ्या ओढतात, ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. तो बहुतेकदा ओसरतो, पण त्या रात्री कुणीतरी जागं असावंच लागतं. यादीत खाली दवाखान्याच्या तारखा, औषधं आणणं, बँक, विम्याचे कागद आणि पाहुण्यांचा चहा. पाहुण्यांच्या चहाला हसू नका. भेटायला येणाऱ्यांची उस्तवार हे आजारपणातलं एक मोठं काम आहे आणि ते कुणीच मोजत नाही.

मग प्रत्येक कामापुढे किती वेळ, आणि सध्या ते कोण करतंय ते लिहायचं. जवळजवळ दर वेळी एकच गोष्ट समोर येते. पुरुषांकडे दवाखाना, बँक, डॉक्टरशी बोलणं अशी कधीमधी येणारी आणि चारचौघांत दिसणारी कामं असतात. बायकांकडे रोजची, पुन्हा पुन्हा करायची आणि केल्यावर न दिसणारी. म्हणून नवरे अगदी मनापासून म्हणतात, ‘मीही करतोच की सगळं.’ खोटं बोलत नसतात, त्यांना तेवढंच दिसतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात अशी कामं करणाऱ्या पुरुषांची संख्याच थोडी. तुमच्या कागदावरही असंच काही निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हा कागद तुम्ही एकटीनं लिहू नका. नवऱ्याला शेजारी बसवा, दिराला आणि नणंदेला फोनवर घ्या. तुम्ही एकटीनं लिहिलात तर ती तक्रार ठरते. सगळ्यांनी मिळून लिहिला तर तो नुसता हिशेब असतो, आणि हिशेब ठेवणं तर तुमचं कामच आहे.

वाटणी कशी करायची, यात एका रीतीबद्दल मी सावध करते. पाळ्या लावण्याची आपल्याकडे फार आवड. महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे, मग मुलीकडे. मुलांना ते न्याय्य वाटतं. पण दर महिन्याला पिशवी भरून दुसऱ्या घरी जाणाऱ्या बाईची ना खाट पक्की, ना डॉक्टर पक्का, ना भिंतीवरचा दिव्याचा खटका सवयीचा. स्मृतिभ्रंश असेल तर हे सरळ घातक, माणूस आणखी गोंधळतं आणि पडतं. चालती-बोलती बाई असेल आणि तिला स्वतःला हिंडायला आवडत असेल तर वेगळी गोष्ट. तुमच्या बाबतीत, निदान पहिलं वर्ष, सासूबाईंना एका जागी ठेवा आणि माणसांना व पैशांना फिरू द्या. दीर शनिवार-रविवार रात्री येऊन झोपेल. नणंद दोन महिन्यांतून आठवडाभर येईल आणि त्या आठवड्यात तुम्ही खरोखर बाहेर जाल, घरात बसून तिची सरबराई करणार नाही. जो येऊ शकत नाही तो बाईचे पैसे देईल.

बाई म्हणजे ब्युरोची, म्हणजे रुग्णांसाठी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेची बाई, दिवसा बारा तासांची किंवा चोवीस तासांची. दर शहरागणिक आणि कामागणिक वेगळे, ते तुम्ही चौकशी करा. इथे मुलीच्या टीकेचं आणखी एक टोक पुढे येतं: तुमच्या घरातलं काम दुसऱ्या एका बाईच्या अंगावर गेलं, आणि तिच्या घरी तिची सासू असेलच. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. निदान ब्युरो किती कापून घेतो ते विचारा, तिला साप्ताहिक सुट्टी द्या, तिला बसायला-झोपायला नीट जागा द्या आणि उचलून बसवायला एकटीला लावू नका. घरातले पुरुष त्यासाठी आहेत.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: राजीनामा देऊ नका. ऑपरेशननंतरचे सहा-आठ आठवडे सगळ्यात जड असतात, त्यासाठी हक्काची रजा, बिनपगारी रजा, घरून काम, जे जमेल ते मागा, आणि नवऱ्यालाही मागायला लावा. दोघांनी निम्मे-निम्मे आठवडे वाटून घ्या. घरात एक गणित मांडलं जातं की सुनेचा पगार तीस हजार, बाईला द्यावे लागतात पंचवीस, मग सून घरी राहिली तर काय बिघडलं? त्यात फक्त या महिन्याचा पगार धरलेला असतो. तुमचा भविष्य निर्वाह निधी, पुढची बारा वर्षं, तुम्हाला निवृत्तीनंतर मिळणारे पैसे आणि घराबाहेरची तुमची माणसं त्यात नसतात. ४६ व्या वर्षी सोडलेली नोकरी ५० व्या वर्षी परत मिळत नाही. आणि बायका जास्त जगतात हे आधी आलंच आहे. ऐंशीव्या वर्षी तुमच्याकडे स्वतःचे पैसे असणं ही तुमच्या मुलीच्या खांद्यावरचं ओझं आज कमी करण्याची गोष्ट आहे. अपवाद एकच, तुम्हाला मनापासून नोकरी नकोशी झाली असेल तर. तसं असेल तर सोडा, पण त्याला सासूबाईंचं नाव लावू नका. ते पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर निघतं.

कायद्याचं थोडक्यात. हे भांडणासाठी सांगत नाही, घरातल्या गैरसमजांसाठी सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ‘अपत्य’ म्हणताना मुलगा, मुलगी, नातू, नात यांची नावं घेतो. सून त्यात नाही. तिला घालण्याची दुरुस्ती २०१९ मध्ये मांडली गेली होती. मुलगी मात्र पहिल्यापासून आहे. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सांगितलं होतं. आणि वारसाहक्कात मुलींना बरोबरीचा वाटा द्यायला महाराष्ट्रानं १९९४ मध्येच सुरुवात केली. थोडक्यात, नणंद पाहुणी नाही, वाटेकरी आहे, दोन्ही अर्थांनी. अर्ज प्रांताच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जातो, वकील लागत नाही, मूळ कायद्यात दरमहा जास्तीत जास्त दहा हजारांची मर्यादा आहे. सासूबाईंच्या नावावर घर असेल तर आत्ता घाईनं बक्षीसपत्र कुणी करून घेत नाही ना, यावर लक्ष ठेवा. ‘सांभाळ करीन’ ही अट लिहिलेली असेल आणि ती पाळली नाही तर असं हस्तांतर रद्द होऊ शकतं. अट लिहिलेलीच नसेल तर मात्र आईची बाजू लंगडी पडते.

या सगळ्यात एका माणसाचा आवाज तुमच्या प्रश्नात कुठेच आला नाही, सासूबाईंचा. तो आलाच पाहिजे. कुटुंबावरच्या टीकेत हीच उणीव मला खटकते: ती काम करणारीकडे बघते, अंथरुणावरचीकडे क्वचित. घराच्या बंद दाराआडचा जाच म्हाताऱ्यांनाही होतो. पेन्शनचं पासबुक काढून घेणं, फोन न देणं, ‘रात्री उठायला लागतं’ म्हणून संध्याकाळचं पाणी तोडणं, हे सगळं मी ‘चांगल्या’ घरांत पाहिलंय. आणि तुमच्या सासूबाईही कधीकाळी सून होत्या. त्यांनी त्यांच्या सासूचं केलं असेल, आणि आता सुनेकडून करून घेताना त्यांना हक्क वाटत असेल, नाहीतर मेल्याहून मेल्यासारखं. दोन्ही शक्य आहे. बऱ्याच बायकांना आंघोळ सुनेनं घालण्यापेक्षा पगारी बाईनं घातलेली बरी वाटते, कारण तिच्याशी जुनं काही नसतं. मुलांनी परस्पर ठरवून टाकण्याआधी हे त्यांनाच विचारा. विचारताना नवऱ्यानं विचारावं, तुम्ही नाही.

राहता राहिलं सरकार. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं उपचारांचं कवच मिळतं, त्याचं कार्ड काढून ठेवा. पण ते रुग्णालयात भरती होण्यापुरतं. घरातल्या बाईचे पैसे त्यातून मिळत नाहीत. गरीब वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, महिना पंधराशे रुपये. तुमच्या मुलीच्या अभ्यासात असेल, की कुटुंबाची थोरवी गाण्यात सरकारचा फायदा असतो, कारण जे काम घरात फुकट होतं त्याचा अर्थसंकल्पात खर्च दिसत नाही. आपल्याकडे हे अक्षरशः खरं आहे. जपाननं २००० साली दीर्घकालीन देखभालीचा विमा आणला. चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा आणि म्हातारपणी घरी मदतनीस, दिवसभराचं केंद्र अशा सेवा घ्यायच्या. त्या वेळी तिथे एक वाद झाला तो तुम्हाला जवळचा वाटेल: घरी सांभाळणाऱ्यांना रोख भत्ता द्यावा का? तिथल्या स्त्री-संघटनांनी विरोध केला. भत्ता दिला की सून कायमची त्या खोलीत अडकेल, आम्हाला पैसे नकोत, मदतीला माणसं द्या, असं त्यांचं म्हणणं. अखेर योजना सेवांचीच झाली. जर्मनीत १९९५ पासून अशीच योजना आहे, तिथे रोख रकमेचाही पर्याय ठेवला आहे. कोणतं बरं यावर मी शपथ घेणार नाही. पण आपल्याकडे अजून हा वादही सुरू झालेला नाही, आणि तोवर तो वाद प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात नणंद-भावजयींमध्ये चालू राहतो.

एवढं वाचून तुमची मुलगी म्हणेल, म्हणजे मीच बरोबर. बऱ्याच अंशी हो. तिला पुढच्या रविवारच्या बैठकीला बसवा, कागदावर कामं लिहून घ्यायला तिच्याइतकं योग्य कुणी नाही. फक्त वाटणीच्या वेळी तिच्या नावापुढे रात्रीचं उठणं टाकू नका. तिच्या वयाचा कुणी मुलगा घरात असता तर त्याच्या नावापुढे ते टाकलं असतं का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

बैठक होण्याआधी बाथरूममध्ये धरायच्या दांड्या, कमोड खुर्ची आणि घसरणार नाही अशी फरशी किंवा रबरी मॅट यांची सोय करून घ्या, ती सासूबाई घरी येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत झालीच पाहिजे. काही अडलं, कुणी त्रास देत असेल किंवा जवळच्या सोयींची माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. आणि मला तीन गोष्टी कळवा: पडण्याआधी त्या स्वतः बाथरूमला जात होत्या का, अलीकडे नावं किंवा दिवस विसरत होत्या का, आणि तुमच्या कागदावर रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेपुढे कुणाचं नाव आलं. त्यावरून चोवीस तासांची बाई हवी की बारा तासांची भागेल, हे बऱ्यापैकी नक्की सांगता येईल.